गुलाबचे फासे

भूमच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लेट होती. माझ्या मागच्या बाकड्यावर दोन तरुण दबक्या आवाजात भांडत होते.

"व्यंकट, आपला डाव चालवणारा दादा त्या फाशांच्या खेळाचं नवं पुस्तक आणतोय. राक्षस नवे, मंत्र नवे, नियमबी नवे. आन् तू तोंड पाडून बसलास?"

"जुन्या पुस्तकानं काय वाईट केलं, बलभीम?"

"त्यात लई घोळ व्हता. आता सगळ्यांनी आपापला कागदावरला लढवय्या पयल्यापासनं बनवायचा."

"आन् गुलाबचा?"

"गुलाब गेला, व्यंकट. विहीर खांदताना दरड पडली, वरीस झालं."

"त्याचा लढवय्या जित्ता हाय. दर रविवारी केशरकाकू त्याच्या जागी बसून फासे टाकत्यात."

"आपण त्यांना एका डावापुरतं बसवलं व्हतं."

"मग तूच जाऊन सांग, तुमच्या पोराचा लढवय्या आता चालत न्हाय म्हणून."

"म्या न्हाय सांगणार."

"त्यांनी काल मलाच विचारलं."

"काय?"

"गाडी आली बघ."

"व्यंकट, काय विचारलं त्यांनी?"

"नव्या पुस्तकात, विहिरीत गाडलेल्याला वर काढायचा मंत्र हाय का म्हणून."