पन्नास सेकंदांचा फ्लेक्स

— नाही हो, फोटोबद्दल तक्रार नाही, फोटो माझाच आहे. छपाई थांबवा एवढंच म्हणतोय, कैलासशेठ. 'विश्वकिरणांतील अद्भुत शोधाबद्दल खरवईचे भूषण डॉ. विष्णुपंत यांचे अभिनंदन' — खोटं आहे हे. म्हणजे विष्णुपंत खरा, शोध खोटा. कसा म्हणजे? बसू का जरा? हे बघा, आकाशातून सारखे कण पडत असतात. ते मोजायचं एक यंत्र इथे बदलापुरात, खरवईला, माझ्या गच्चीवर, दुसरं अंबरनाथला आमच्या प्राचीच्या, मुलीच्या, गॅलरीत. दोन्ही एकाच क्षणी वाजली तरच जोडी धरायची, बाकीचं गाळायचं. गाळणारा प्रोग्रॅम मीच लिहिला — काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची, किती वेळाच्या आत वाजलेलं एकत्र धरायचं ते त्यात सांगायचं. मी सांगितलं पन्नास मायक्रोसेकंद; मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. त्याने काय केलं? पन्नास वाचलं, मायक्रो कळलं नाही, ते गुपचूप सोडून दिलं — अरे, विचारायचं ना! — आणि धरले पन्नास सेकंद. पन्नास सेकंदांत काय जुळत नाही? मी बदलापुरात शिंकलो आणि प्राचीच्या कुकरने अंबरनाथला शिटी दिली, की झाली जोडी! एखाददुसरी निघावी तिथे हजारो जोड्या निघाल्या. मला वाटलं, जगात कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. चाळीस वर्षं वर्गात पोरांवर ओरडलो, उत्तरापुढे एकक लिहा, एकक लिहा — हसू नका. हसा, हसा.

सांगणार नव्हतोच कुणाला. फक्त कुमुदिनीला बोललो, आमच्या हिला. तिने सोसायटीत सांगितलं, सेक्रेटरी उन्मेषने लगेच सत्कार ठेवला — आज सहाला. चूक सापडली ती आज सकाळी, दात घासताना. आणि व्याही येणार आहेत, ज्यांनी बारशाला सगळ्यांदेखत माझ्या यंत्राला डास मारायचं मशीन म्हटलं होतं. त्यांच्यासाठी नाही केलं हो हे! थोडं त्यांच्यासाठी.

असं करा ना, मजकूर बदला — 'स्वतःची चूक स्वतः शोधल्याबद्दल अभिनंदन.' बरं नाही दिसत? नाहीच दिसत... केवढा आहे हा फ्लेक्स? दहा बाय पंधरा? बापरे. कशाला एवढा — आणि चौकातून दिसेल? व्याही चौकातूनच येतात. मागे टाकलेल्या त्या ढगांपुढे मी चांगला दिसतोय, नाही? छापा. आहे तसाच छापा. चूक मी भाषणात सांगतो. शेवटी सांगतो. शाल घेतल्यावर. असं बघू नका हो माझ्याकडे, मशीन चालू करा!