चार नंबरवर कोण बसणार

आणि वर त्या बाईचा आवाज इतका गोड, की धड रागावताही येत नाही! भिंतीवरच्या डबीतली बाई हो, माणसातली नव्हे. सुरुवातीला तर सकाळी कुलूप काढावं, दिवे लावावेत, मी माझ्या तीन नंबरच्या मशीनवर बसून सुईत दोरा ओवते न ओवते, तोच ती सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं सांगणार... 'चार नंबर. रिकामं आहे.' अगं बये, रिकामं आहे ते मला दिसत नाही का? चार नंबर माझ्या कोपराला लागूनच होतं. तिथे माझी धाकटी जाऊ बसायची. मागच्या थंडीत ती गेली. हे दिवसातून किती वेळा ऐकवायचं माणसाला?

तुम्हाला सांगते, हे सगळं सुनेनं आणलं. वाईट नाही ती, पण घरात वाद नको म्हणून धडपडते. आमचा धंदा एप्रन शिवायचा, आणि तिला हवं होतं काजाचं नवं मशीन, आणि खोली तर आहे तेवढीच, म्हणजे जुन्यांतलं एक जाणार. कुठलं, ते कुणी ठरवायचं नाही म्हणाली, आकडे ठरवतील. मग एक बसवणारा आला आणि प्रत्येक मशीनच्या पोटाला काडेपेटीएवढी डबी चिकटवून गेला. मशीन थरथरलं की डबीला कळतं, डबी भिंतीवरच्या बाईला सांगते, बाई सुनेच्या फोनला सांगते, आणि महिनाभर जे सगळ्यात कमी थरथरेल ते विकायचं. 'आजी, आता मशीन स्वतः बोलणार,' असं तो मला म्हणाला, तान्ह्या पोराला चांदोबा दाखवावा तसा. म्हटलं, बाबा, आमच्या घरात न बोलणारं एक तरी राहू दे.

आणि मी हो म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, आकडे म्हणतील ते मान्य. माझ्या डोक्यात दोन नंबरचं होतं, ते मेलं सारखं दोरा तोडतं, गेलं तर बरंच. ज्याच्यावर माणूसच बसत नाही तेही आकड्यात धरतात, हे कुणाच्या ध्यानात येणार? पहिल्याच दिवशी ती गोड आवाजात बोलली, 'चार नंबर. रिकामं आहे,' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता तुम्ही म्हणाल, जावेवर फार जीव होता. कसला जीव! सबंध जन्म शेजारी बसलो, त्यातला निम्मा अबोल्यात गेला. पण अबोला तोंडाचा. मशीन चालूच असायचं. तिचं थांबलं की मी मान वर करायची, माझं थांबलं की ती. मला खोकल्याची उबळ आली की पाण्याचं भांडं सरकवायची, पण माझ्याकडे न बघता! आणि तिच्या मशीनला हात लावायची सोय नाही. 'तुमचा हात जड आहे, जाऊबाई.' बस, एवढंच, तेही नाकातून.

तर मी काय केलं, भिंतीवरच्या बाईनं तोंड उघडायच्या आत उठायचं, चार नंबरच्या खुर्चीच्या काठावर टेकायचं आणि दोरा नसलेलं मशीन भर्रकन पळवायचं. बाई गप्प! मी परत माझ्या जागेवर. कारखान्यातल्या बायका गालात हसायच्या. एकीनं विचारलंच, काय शिवताय? म्हटलं, तुझं तोंड. सून एकदा दारात उभी राहून सगळं बघून गेली.

पण रिकामं मशीन किती पळवणार? कष्टाच्या बाईला ते पाप वाटतं. म्हणून एकदा झाकण सरकवून बघितलं, तर आत तिची बॉबिन तशीच, अर्धी भरलेली, पांढऱ्या दोऱ्याची. म्हटलं, हिनं भरलेला दोरा आहे, तेवढा संपेपर्यंत शिवू. हळू शिवले. मी, जिच्या हाताखाली मशीन ओरडतं, मी अगदी हळू शिवले. तो संपला. मग... मग मी माझा भरला.

आणि एका दुपारी ती बाई म्हणाली, 'तीन नंबर. रिकामं आहे.' मी मान वर करून बघायला लागले, कोण ही कामचुकार! सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. तीन नंबर म्हणजे मीच की हो!

महिना संपला. सून फोन घेऊन माझ्यासमोर आली, त्यात सगळ्यात खाली तीन नंबर. म्हणाली, "आई, आकडे राहू द्या. आपण दोन नंबर काढू."

म्हटलं, "मी सगळ्यांसमोर बोललेय. तीन नंबर ने."

माणसं आली, माझं मशीन उचलून घेऊन गेली. ज्याच्यावर संसार केला ते दारातून तिरकं करून काढावं लागलं. नवं काजाचं मशीन तिथे बसलं, झकास चालतं, सुनेचं काही चुकलं नाही.

मी आता दिवसभर चार नंबरवर असते, नीट मागे सरकून. जाऊ चांगली उंच होती, तिच्या खुर्चीवर माझे पाय लोंबकळतात, पायडलपर्यंत पोचत नाहीत. सगळे सांगतात, खालचा स्क्रू फिरवा, खुर्ची खाली येते. येत असेल. मी पायडलला लाकडाची फळी बांधून घेतलीय.