खिशातली पुस्तिका

दाताच्या दवाखान्यात शिवणकामवाल्या बाई गालात कापूस धरून बसल्या होत्या. तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून नुसतं ऐकत होत्या. समोर दोन साडूंची महासत्तेवरून चांगलीच जुंपली होती.

"अहो, तेलासाठी जातात ते! उगाच कोण दुसऱ्याच्या देशात घुसेल?"

"मागच्या खेपेला घुसले, त्या देशात कुठे होतं तेल? नुसता खडक! धाक बसावा म्हणून जातात, साडूभाऊ."

"तुमचं आपलं काहीतरीच. आणि जुलूम थांबवायला म्हणतात, ते?"

"म्हणायला काय जातंय!"

कोपऱ्यातले जाड चष्म्याचे म्हातारे खाकरले. "का जातात, देव जाणे. कुठे जाणार, ते मात्र आम्हाला आधी कळतं."

"तुम्हाला? ते कसं काय?"

"छापखान्यात प्रुफं तपासतो मी. स्वस्तात पडतं म्हणून त्यांचं काम आमच्याकडे येतं. सैनिकांच्या खिशात मावेल अशी पुस्तिका, जिथे जायचं तिथल्या भाषेत. ती गेली की सहा महिन्यांत सैन्य जातं."

"काय असतं हो त्यात?"

"'घाबरू नका. दार उघडा. घरात माणसं किती?' असलंच सगळं."

"बापरे! इतक्या परक्या भाषा येतात तुम्हाला?"

"छे, एकही नाही. अक्षराला अक्षर जुळवायचं, बस्स. बावीस वर्षं काय तपासत होतो, ते कळलंच नव्हतं. परवा सोमवारी पहिल्यांदा वाचता आलं."



बाईंनी मनातल्या मनात मोजलं. सासूबाई, हे, दोघी मुली आणि आपण. पाच.