होळीला न दिलेला स्वेटर

मुलांनो, मी तुम्हाला दर वर्षी जे स्वेटर पाठवते ते विणणाऱ्या सास्तूरच्या शेवंताबाईंचं हे बोलणं. ऐकलं तसंच लिहिलं आहे.

माझं माहेर मुरुमचं, वडील बाजारात शिंपीकाम करायचे, आणि शाळेतल्या बाईंनी मला सुया धरायला शिकवल्या, त्यामुळं लग्न होऊन सास्तूरला आले तेव्हा पेटीत दोन लुगडी आणि विणायच्या सुया, सासू म्हणाली, ह्या सुयांनी भाकरी थापतीस व्हय गं. मालक फौजेत. एकाहत्तरच्या लढाईनंतर होळीच्या तोंडावर सुट्टीवर आले ते एक स्वेटर घेऊन. पलीकडच्या शिपायाचा. चौकी रिकामी सापडली, चुलीवरचा चहा गरम होता म्हणे, आणि खुंटीला हा स्वेटर. मालकांनी तो दाराशेजारी खिळ्याला टांगला, आणि काय सांगू तुम्हाला बाई, घरात जत्राच भरली. अख्खं गाव येऊन बघून जायचं, दुश्मनाचा स्वेटर, दुश्मनाचा स्वेटर, आणि मी आपली चहा करून दमले.

पण मी बघत होते ती वीण. मेंदीच्या रंगाची लोकर, आणि छातीवर, बाह्यांवर गव्हाच्या ओंब्या, अशा उठून आलेल्या की हात लावला तर दाणा गळंल. आमच्या बाईंनासुद्धा येत नव्हती असली वीण. मी तेव्हा पोटुशी, मनात एकच, ही ओंबी मला माझ्या बाळासाठी विणता आली पाहिजे. पण हात लावायची सोय न्हाय, मालक म्हणायचे, जिंकलेली वस्तू हाय, चुरगळंल. सासूचं भलतंच, मेलेल्याचा कपडा घरात नको, तेही सून पोटुशी असताना. मालक म्हणायचे, अगं आई, मेला न्हाय, पळाला. सासू म्हणायची, पळाला तर मग तू काय जिंकलास, त्याचं धुणं?

अशात होळी आली. तेव्हा भूकंपाआधीचं जुनं गाव होतं, होळी मारुतीपुढं पेटायची. दगडू पैलवान आणि त्याची टोळी बोंबा मारत दारात, दादा, स्वेटर द्या, दुश्मनाला होळीत घालतो. मालक खूश, न्या म्हणाले. ओंबी कुठून सुरू होते तेवढंही मला अजून उमगलं नव्हतं, पण नवी सून मी, बोलणार काय. सासू तर हसतच उठली, बरं झालं, पीडा गेली, म्हणून तिनंच खिळ्यावरनं काढला आणि बायकांची सवय, देता देता उलटा करून झटकला.

आणि तिथंच थांबली. आत, गळ्याच्या मागं, एवढासा काळ्या दोऱ्याचा टाका. विणीत त्याचं काही काम न्हाय. असाच टाका तिनं मालकांच्या बंडीला घातला होता, ते भरतीला निघाले तेव्हा, नजर लागू नये म्हणून. स्वेटर तिनं छातीशी धरला. मग म्हणाली, दगडू, ह्याला माय हाय. दगडू म्हणाला, काकू, दुश्मन हाय तो. सासू म्हणाली, तुलाबी माय हाय, म्हणून तर तुला अजून कुणी होळीत घातलं न्हाय. ते बोंबलायला लागले तर ही त्यांच्यावर बोंबलली, होळीचा दिवस, शिव्यांना मोकळीक, तिनं एकेकाचं बारसं पुन्हा केलं. शेवटी म्हणाली, जाळायचंच तर माझ्या लेकाचे मोजे न्या, त्या वासानंच पळाला असंल तो. आणि खरंच बाई, काठीला मोजे बांधून मिरवत नेले, मालक मागनं पळतायत, अरे सरकारी हायेत ते, सरकारी!

सासूनं स्वेटर माझ्या ओटीत टाकला. म्हणाली, बघत काय बसलीस, उसव एक बाही आणि शीक.

उसवली, विणली, परत उसवली, मालकांची सुट्टी संपली तरी चुकतच होते. पण थोरला जन्मला तेव्हा त्याच्या डोक्यावर ओंब्यांचं टोपडं होतं. मग शेजारणींना पाहिजे झालं, मग अणदूरहून मागणी, त्याच विणीवर माझ्या दोन्ही पोरी शिकल्या. स्वेटर कुठं हाय विचारता? झिजला की. बाही परत विणून जोडली, मालकांनी घातला, थोरल्यानं घातला, राहिला तो उसवून गल्लीतल्या बाळांची टोपडी केली. मालक ऐंशीला टेकले, अजून कुरकुरतात, जिंकून आणलेला माल तुम्ही मुतऱ्या पोरांच्या डोक्यावर घातला. आणि असं म्हणत म्हणत माझी लोकर गुंडाळून देतात.

मला मात्र सुया हातात घेतल्या की त्या पळालेल्याची आठवण होते. तोही म्हातारा झाला असंल, गुडघं धरून उठत असंल, थंडी पडली की बायकोला म्हणत असंल, माझा एक स्वेटर होता बघ, आईनं विणलेला. त्याला कुणीतरी सांगा हो, बाबा, तुझ्या आईची वीण इकडं लई लेकरांच्या अंगावर हाय. सुखात ऱ्हा, नातवंडांत ऱ्हा, आणि गार वाऱ्यात बसू नकोस.