साखळीच्या आत

(जंगल खात्याची चौकी, जंगलाच्या वाटेवर गाड्या अडवणाऱ्या साखळीशेजारी. मष्णू आतल्या खांबाला बांधलेला आहे. त्याचा आतेभाऊ परशराम, खात्याचा रोजंदारीवरचा राखणदार, काठी घेऊन समोर उभा आहे. परशरामची आई जयाबाई दारातून आत येते.)

जयाबाई: सोड त्याला.

परशराम: आई, तू भाईर थांब.

जयाबाई: सोड म्हणते न्हवं. नाक फुटलंय त्याचं. माझ्या भावाचा एकुलता एक हाय त्यो.

मष्णू: बघ की गं आत्या. फोन करून म्हणतो, ‘ये, आप्पाचं बोलायचं हाय.’ मी आपला आलो. दाराच्या आत पाय टाकला तर मागनं डोस्क्यात काठी.

परशराम: आता तोंडात घालीन.

जयाबाई: परशा, तिकडं तुझा बाप वेशीभाईर अ‍ॅम्ब्युलन्समधी पडलाय. डायवर घाई करायलाय. आणि तू हितं ह्याला मारत बसलाईस?

परशराम: का पडलाय वेशीभाईर?

जयाबाई: म्हाईत असून कशाला इचारतोस?

परशराम: तुझ्या तोंडानं सांग. ह्याला ऐकू दे.

जयाबाई: यात्रेआधीचं मंगळवार गाव पाळतंय. औत धरायचं न्हाय, जंगलात पाय टाकायचा न्हाय. त्येंनी काल पाळणूक मोडून जंगल गाठलं आणि गव्यानं मारलं. देवीनंच शिक्षा दिली म्हणत्यात पंच. मढं गावात आणायचं न्हाय, खांदा कुणी द्यायचा न्हाय. झालं समाधान?

परशराम: आणि आप्पा गेलता कशाला?

जयाबाई: मला काय ठावं. म्हातारपणी डोस्कं फिरलं असंल.

परशराम: डोस्कं न्हाय फिरलं. ह्याला ठावं हाय. बोल रं.

मष्णू: मला काय ठावं असणार? मी काल बेळगावात होतो. गाडी सर्व्हिसिंगला लावलेली.

परशराम: साखळीचा खांब बघितलास येताना? पार आडवा केलाय. त्येला पिवळा रंग लागलाय. गावात पिवळी जीप कुणाची?

मष्णू: पिवळ्या जीपा काय एकच हाय व्हय? बेळगावात पैशाला पासरी.

परशराम: बरं.

मष्णू: आयाई गं... गुडघा... गुडघा गेला रं माझा...

जयाबाई: परशा, हात मोडीन तुझा.

परशराम: मोड. पर आधी त्याला बोलू दे. दुसरा गुडघा हाय अजून.

मष्णू: सांगतो. काठी खाली घे, सांगतो. गेलतो. कुंडावर गेस्ट घेऊन गेलतो.

परशराम: मंगळवारी.

मष्णू: मंगळवारीच तर जमतं. गावातलं कुत्रं सुदीक जंगलात फिरकत न्हाय. तुलाबी पंचांनी घरात बसवलेलं. साखळीला माणूस न्हाय. बुकिंगच मंगळवारचं घेत होतो.

परशराम: ऐकलंस आई? आम्ही देवीपायी घरात बसायचं आणि ह्येनं देवीच्या आडनं धंदा करायचा.

जयाबाई: व्हय रं मष्णू?

मष्णू: मग काय चुकलं माझं? जंगल काय ह्याच्या बाचं हाय? लोकांनी बघायचं न्हाय व्हय? आणि साहेबाचं पावणं आलं की हाच पळत जाऊन कुलूप काढतोय, आत्या. त्येंची पोरं कुंडात डुंबत्यात आणि हा काठावर टॉवेल धरून हुबा. तवा न्हाय दिसत रं तुला गवं?

परशराम: काढतो कुलूप. पोटासाठी काढतो. त्या दिवशी घास गिळत न्हाय मला. आईला इचार.

मष्णू: मग आमच्या गेस्टनीच काय घोडं मारलंय?

परशराम: चालत येऊ देत की. शनिवार-आयतवार सोडतोच न्हवं पांढऱ्या दगडापातूर? बघा, फोटो काढा, माघारी जा. गाडी आणू नगा, एवढंच म्हणतोय. उन्हाळ्यात ह्या अंगाला त्येवढ्या एका कुंडात पाणी. गवं पिल्लं घेऊन येत्यात, ती कुठं जातील? पंचायतीत आप्पानं हेच मांडलं आणि तुझ्या बानं सगळ्यांच्या आधी मान हलवली.

मष्णू: म्हाताऱ्यांना काय जातंय मान हलवायला.

परशराम: काल जीपचा आवाज मीबी ऐकला. चप्पल घालून निघालो तर पंच दारात हुबं. गेलास तर वाळीत टाकू म्हणालं. मी बसलो गप. आप्पा मागच्या परड्यातनं कवा गेला कळलंच न्हाय. माझ्या वाटणीचं काम करायला गेला त्यो.

जयाबाई: मला न्हाय बोललास.

परशराम: कुठल्या तोंडानं बोलू?

जयाबाई: मष्णू, त्येंनी तुला अडवलं?

मष्णू: माघारी येताना. वाटेत हुबं राहिलं, दोन्ही हात पसरून. गवं आधीच बिथरल्यालं. गेस्टला व्हिडिओ पायजे होता, हॉर्न वाजवा म्हणालं, मी वाजवला. पिल्लाची आई गाडीवर आली. मी गाडी बाजूला काढली आणि आप्पामामा तिच्या म्होरं आलं.

जयाबाई: जाग्यावर गेलं न्हवं? डाक्टर म्हणला, जाग्यावरच गेलं असत्याल. तरास झाला नसंल.

मष्णू: व्हय आत्या. जाग्यावर.

परशराम: खोटं बोलतोय. रगात पडलंय ती जागा येगळी, आप्पा घावला ती जागा येगळी. मधी फरफटल्याली खूण हाय, तुझ्या चाकांच्या मागनं.

जयाबाई: म्हंजे?

परशराम: इचार त्याला.

जयाबाई: माझ्याकडं बघ, मष्णू. भुईकडं नगो बघूस.

मष्णू: मागची फळी धरलीती त्येंनी. ‘घे रं मला’ म्हणालं. पोट फाटल्यालं, आत्या. एका हातानं आतडी धरल्याली. गाडीत बायका-पोरं किंचाळायलेली. एक मॅडम म्हणत होत्या, घ्या त्यांना, घ्या. नवऱ्यानं त्यांना गप केलं. मी... दवाखान्यात नेलं असतं तर समदं भाईर आलं असतं. गावानं जीप जाळली असती माझी.

जयाबाई: मग काय केलंस?

मष्णू: गाडी दामटली.

जयाबाई: पाणी मागितलं त्येंनी?

मष्णू: आत्या, कशाला आता...

जयाबाई: इचारते मी.

मष्णू: मागितलं.

जयाबाई: व्हतं गाडीत?

मष्णू: बाटल्या होत्या. गेस्टच्या.

जयाबाई: परशा, काठी दे.

परशराम: आई...

जयाबाई: दे म्हणते.

मष्णू: आत्या, नगो. तुझ्या मांडीवर खेळलोय गं मी. आत्या... आ... डोळा... आत्या...

परशराम: आई, पुरं. डोस्क्यात नगो. सोड काठी. मरंल त्यो.

जयाबाई: मरू दे. ह्यांच्या दोन्ही बहिणी रडत माझ्या दारात आल्या, मी त्यास्नी काय म्हणले ठावं हाय? म्हणले, तुमच्या भावानंच घाण केली, पाळणूक मोडली. मी म्हणले. कुकू लावलेल्या तोंडानं म्हणले मी.

परशराम: हा मेला तर गावाला कोण सांगणार? माझं कुणी ऐकायचं न्हाय. आप्पा वेशीभाईरच राहणार. बस. हितं बस तू. पाणी पी.

जयाबाई: नगो मला पाणी.

परशराम: बरं, ऱ्हाऊ दे. बस तरी.

जयाबाई: दोरी सोड त्याची.

मष्णू: आत्या, मी पोलिसात सांगतो. खात्याच्या साहेबाला सांगतो. आत्ताच्या आत्ता बेळगावला जाऊन लिहून देतो. फकस्त गावात नगो. गाव मला जित्ता ठेवायचं न्हाय.

जयाबाई: पोलीस खांदा देत्यात व्हय?

मष्णू: न्हाय, पर...

जयाबाई: खांद्याला चौघं लागत्यात. एक परशा. दुसरी मी.

परशराम: आई, बाईमाणसानं कधी...

जयाबाई: गप. गावानं एवढं मोडलंय, त्यात माझंबी एक मोडू दे. तिसरा तू, मष्णू. लंगडत चाल, पर चाल.

मष्णू: आणि चौथा?

जयाबाई: चौथा तू मागून आणायचा. दार वाजवायचं. काय केलंस ते समदं सांगायचं, पाण्याचंबी. आणि मग खांदा मागायचा. न्हाय म्हणालं तर फुडलं दार. तोंडाचं रगात पुसू नगोस, तसाच चल.

मष्णू: कुणाच्या दारात जाऊ, आत्या?

जयाबाई: पयलं माझ्या भावाच्या.