जिराफ की रेडा

हॅलो?… हॅलो, जरा मोठ्यानं बोला… कोण, चिऊ? बरं झालं बाई, तूच फोन केलास. नाहीतर मीच लावणार होते. तुझ्या भावाचे प्रताप ऐकायचेत ना, मग बस खुर्ची ओढून.

नाही, मी बरी नाही. अजिबात बरी नाही… ताप कसला येतोय, संताप आलाय!

दुकानातच आहे. समोर टेबलावर तुझ्या भावाची पँट पडलीये. राखाडी. धुवायला टाकली होती… अगं ऐक ना, पँटवरच तर सगळं आहे. तीस वर्षं या माणसाची प्रत्येक पँट मी शिवली. मी! दुसऱ्या कुणाच्या सुईनं याच्या पँटला हात लावलेला नाही. आणि आज बघते, तर खालची दुमड उसवून पँट दोन बोटं लांब केलेली. वर मशिनची टीप! मी दुमडीला मशिन मारते का कधी? मी हातानं तुरपते, टाका वरून दिसत नाही. आणि इथे राखाडी कापडावर काळा धागा…

कोपऱ्यावरचा शिंपी! दुसरा कोण? त्याची टीप मी झोपेत ओळखेन. त्यानं बिघडवलेले कपडे दर आठवड्याला माझ्याकडे येतात दुरुस्तीला, आणि माझा नवरा त्याच्याकडे जातो पँट घेऊन! काखेत कळसा आणि गावाला वळसा…

हसू नकोस, चिऊ. त्यानं गल्लीभर सांगितलं असेल आतापर्यंत.

का म्हणजे? मलाही तोच प्रश्न पडला. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस दोन बोटं वाढतो होय? मग वर घरात जाऊन पलंगाखाली वाकून बघितलं. बूट! नवेकोरे, आणि खाली मोच्याकडून आणखी एक तळ चिकटवून घेतलेला. बरोब्बर दोन बोटं जाड. बूट उंच झाले, पँट तोकडी दिसायला लागली, म्हणून ती लांब करायला कोपऱ्यावर. हे सगळं माझ्यापासून लपवून. मी मेली वर डोळ्यांत तेल घालून याचे शर्ट इस्त्री करतेय.

हो, त्या मोटारसायकलीसाठीच. दुसरं काय असणार.

कुठली ती तुला माहीत आहे ना? तुझ्याच नवऱ्याकडे आहे तसलीच! जिराफ! तीच, उंच, चोचवाली. आणि दुसरी तो रेडा. बुटका, रुंद, खड्ड्यात गेला तरी डुलत नाही… दोन महिने, चिऊ, दोन महिने या घरात जेवताना दुसरा विषय नाही. मीठदाणी म्हणजे जिराफ आणि लोणच्याची बरणी म्हणजे रेडा. ‘जिराफाची टाकी मोठी, पण रेड्याचं वजन खाली आहे. जिराफाला दगडधोंड्यांचं भय नाही, पण रेडा चिखलात सरळ जातो.’ भाजीत मीठ घालायची सोय नाही, लगेच ‘थांब, जिराफ हलवू नकोस!’

मला विचारलं ना. मी पहिल्या दिवशी सांगितलं, रेडा. मी काही गाड्यांतली तज्ज्ञ नाही, पण मापं कळतात मला. तुझ्या भावाच्या पायाची आतली लांबी साडेसत्तावीस इंच. जिराफाची बैठक चौतीस! शोरूममध्ये मी स्वतः टेप लावून मोजली. तो विकणारा मुलगा बघतच राहिला… रेडा एकतीस. एकतीसवर टाचा उचलल्या की निदान बोटं तरी टेकतात. चौतीसवर तुझा भाऊ म्हणजे नुसता दोरीवर वाळत घातलेला.

‘बघू’ म्हणाला. पुरुष ‘बघू’ म्हणाला की समजायचं, ठरलंय.

एक मिनिट हं, गिऱ्हाईक आलंय… या ना बाई. बाह्या झाल्या, काजं राहिलीत… उद्या. नक्की उद्या… हो हो, बावीस दिवस दुकान बंद, पाटी लावलीय ना बाहेर… मी? मी पण जाणार आहे म्हणजे… हो, मोटारसायकलवर यांच्या मागं बसून… बरं बाई, या.

ऐकलंस? ‘तुम्ही पण जाणार का’ म्हणून विचारतात. आणि मी ‘हो’ म्हणाले. तोंड वर करून ‘हो’ म्हणाले.

थांब, ते सांगते. मुख्य तेच सांगायचंय. पँट हातात आली की मी आधी खिसे बघते. कुणाचीही असो. खिशात सुटी नाणी, विड्या, चिठ्ठ्या, काय वाटेल ते निघतं, आणि मशिनखाली गेलं की सुई तुटते. तर याच्या मागच्या खिशात शोरूमचा कागद. जिराफ! नक्की केलाय. सही केलीय. वर तारीख, शनिवारी ताब्यात मिळणार.

नाही, त्याचं मला काही नाही! म्हणजे आहे, पण… अगं पुढं ऐक. खाली हातानं लिहिलंय. याचंच अक्षर. ‘मागची सीट काढून सामानाचा रॅक बसवणे.’

…

हॅलो? चिऊ? आहेस का?

मागची सीट काढून. माझी सीट, चिऊ! बावीस दिवस मी कुठं बसणार होते? डोक्यावर?

तू ‘अगं बाई’ म्हणू नकोस. आत्ताच कळल्यासारखं ते ‘अगं बाई’ नाहीये. मी ओळखते. तुला माहीत होतं.

चिऊ.

तुला माहीत होतं की नाही, एवढंच सांग.

…कधीपासून?… गेल्या रविवारपासून! गेला रविवार होऊन आठ दिवस झाले, आणि तू मला मधल्या बुधवारी फोन करून पडद्याच्या कापडावर अर्धा तास बोललीस!

कसली शपथ? भावानं शपथ घातली म्हणून तोंडाला कुलूप? मी तुझी कोण मग? तुझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्ररात्र कोण जागलं? भाऊ?

बरं, बरं, रडू नकोस. सांग. पहिल्यापासून सांग.

हं… हं… रविवारी तुझ्या नवऱ्याची गाडी चालवून बघायला नेली, बरं… पुढं तुझा भाऊ आणि मागं तुझा नवरा. म्हणजे माझ्या जागेवर… मग?… सिग्नलला थांबले. हं… पाय टेकवायला गेला आणि… अगं देवा. टेकलाच नाही? पूर्ण आडवी? तुझ्या नवऱ्याला लागलं का?… कोपर. बरं. आणि याचा गुडघा? हो का! मला म्हणाला, जिन्यात ठेचकाळलो! जिना एवढा जुना, तीस वर्षांत कधी ठेचकाळला नाही. आणि मी आठ दिवस हळद लावतेय त्या जिन्याच्या नावानं.

मग एवढं होऊनसुद्धा जिराफच? अक्कल गहाण टाकली का?

हं…

काय म्हणाला?… नीट सांग, त्याच्या शब्दांत सांग. ‘हिला पाडलं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही.’ असं म्हणाला?… ‘म्हणून तिला न्यायलाच नको.’

म्हणजे बघ हं मी काय समजले ते. दोन गाड्यांतून एक निवडायची होती. या शहाण्यानं गाडी ठेवली आणि बायको सोडली!

तळं बघायला जाणार होतो आम्ही, चिऊ. डोंगरापलीकडचं. लग्न झालं तेव्हापासून म्हणतोय. आधी तुमची लग्नं, मग पोरांच्या शाळा, मग याच्या ड्युट्या. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कधी सुट्टी असते? कुणी ना कुणी रोज अडकलेलं असतंच. आता कुठं निवृत्त झाला. मी दोन कोट शिवलेत पावसासाठी, आतून अस्तर, वर चमकणारी पट्टी. माझ्या कोटाला उजव्या हाताला मोठा खिसा केलाय, नकाशाचा. कारण नकाशा मागचा माणूस बघतो. हा मला म्हणाला होता, तू मागून रस्ता सांग. आता रस्ता कोण सांगणार, रॅक?

मला सांगायचं होतं तर तोंडावर सांगायचं! शनिवारी सकाळी मी कोट घालून खाली उतरले असते, आणि माझ्या जागेवर स्टोव्ह आणि तंबू बांधलेला दिसला असता. शोभलं असतं का?

…आणि रेडा का नाही? ते विचारलं का तुझ्या नवऱ्यानं? मी म्हणतेय ना, रेड्यावर पाय टेकतात. रेड्यावर मला कुणी पाडत नाही. मग घोडं कुठं अडलं?

बोल ना… अगं बोल, मी रागावत नाही… म्हणजे रागावलेलीच आहे, आणखी काय रागावणार.

हं.

…परत सांग.

‘बुटकी गाडी घेऊन घरी गेलो, तर दुकानात आणखी एक विनोद होईल.’

…

नाही, आहे. आहे मी.

कुठला विनोद ते मला ठाऊक आहे. तुलाही आहे. ‘यांच्या पँटच्या उरल्या कापडात माझी पिशवी निघते.’ हा समोर खुर्चीवर पेपर वाचत असतो, आणि मी गिऱ्हाइकाला हे सांगते. सगळ्यांना सांगितलंय. मगाशी आलेल्या बाईंना तर तीनदा सांगितलं असेल. त्या हसतात, हा पण हसतो… हो गं, हसायचा. प्रत्येक वेळी हसायचा. मला वाटायचं, त्याला आवडतं.

आणि मग पँट दोन बोटं लांब करायची वेळ आली, तेव्हा हा माझ्याकडे कसा येणार होता? सांग ना. मी काय म्हणाले असते? ‘काय हो, वाढलात वाटतं!’ हेच म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.

नाही, समजूत घालू नकोस. चूक आहे माझी. लाज वाटतेय मला. तीस वर्षं मापं घेतली माणसाची, आणि कुठं टोचतंय ते कळलं नाही.

पण म्हणून सीट काढायची? माझ्या तोंडाची शिक्षा माझ्या सीटला? ते मी सोडणार नाही. विनोद माझा चुकला, रॅक त्याचा चुकला. दोन्ही खरं!

थांब… कडी वाजली. आलाच बघ… नाही, ठेवू नकोस. फोन चालूच राहू दे. तुझ्यादेखत होऊन जाऊ दे.

या.

कुठं गेला होतात?… ‘सहजच’ कसे, पायात उंच बूट आहेत. हे पलंगाखालचे नव्हेत, मग आणखी एक जोड? किती बूट आहेत हो या घरात?… बसू नका. उभे राहा. ही पँट ओळखता?… आणि हा कागद?

चिऊला काय विचारता, चिऊनं सांगायच्या आधीच कागद मिळाला मला. खिसे बघते मी. तीस वर्षांत कळलं नाही तुम्हाला?

(चिऊ, खाली मान घालून उभा आहे. गप्प बस तू.)

बूट काढा… काढा म्हणते ना. सरळ उभे राहा. भिंतीला पाठ. हलू नका, टेप थंड लागतो.

साडेसत्तावीस.

हसत नाहीये मी. बघा माझ्याकडे. हसतेय का?… साडेसत्तावीस. बरोबर माप आहे. याच मापाच्या माणसाशी लग्न केलंय मी. माणूस बरोबर आहे, गाडी उंच आहे. कपडा अंगाला बसला नाही तर मी कपडा उसवते, गिऱ्हाइकाचे पाय ओढत नाही.

…आणि ते पिशवीचं परत कधी बोलणार नाही. कुणापुढेच नाही. माझी चूक झाली.

नाही, तुम्ही ‘जाऊ दे गं’ म्हणू नका. तुम्ही नेहमी ‘जाऊ दे गं’ म्हणता आणि मग कोपऱ्यावर जाता.

आता सीटचं बोला.

…पडलो तर काय? पडलो तर पडलो. तुम्हाला वाटतं मी काचेची आहे? दिवसभर मशिन चालवून माझे पाय बघा. तुमच्यापेक्षा घट्ट आहेत.

बरं, एक सांगा. रविवारी तो जिराफ पडला, तो उचलला कुणी?… खरं सांगा… चौघांनी! तुम्ही, भाऊजी, पानवाला आणि कोण?… रस्त्यानं जाणारा. वा. आणि डोंगरात चढावर, तळ्यापाशी, जिथं माणूस दिसत नाही, तिथं एकटे पडलात तर कोण येणार? तो रॅक खाली उतरून उचलू लागणार का तुम्हाला?

मग?

…

तुम्ही पडाल म्हणून मला घरी ठेवता. अहो, तुम्ही पडाल म्हणूनच तर मला यायचंय!

…

चिऊ? हो, आहे. अगं, खुर्चीत बसलाय. डोळे पुसतोय की चष्मा, कळत नाही… बोलू नको ना मध्ये.

उठला. स्वतःचा फोन काढलाय. शोरूमला लावतोय बहुतेक… थांब, ऐकू दे मला…

अगं, गाडीचं नावसुद्धा अजून घेतलं नाही यानं. जिराफ की रेडा, काही नाही. पहिलं वाक्य काय म्हणाला माहितीये? ‘मागची सीट राहू द्या.’

…नाही गं, रडत नाहीये. ठेव आता. ठेव म्हणते ना!