कंदासकट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख आदरणीय तुर्गुनबाय आके, व्यासपीठावरचे शिक्षणाधिकारी, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज शाळेचा निरोप घेणाऱ्या आमच्या शिक्षिका, सगळ्यांच्या थोरल्या ताई साबिरा एजे, आणि दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी कालीपा. एजेंची विद्यार्थिनी, आणि गेली पंधरा वर्षं त्यांच्या शेजारच्याच वर्गात शिकवते. कौतुकाचं भाषण लिहून आणलं होतं. ते पिशवीतच राहू दे. एजेंनीच तसं बजावलंय.

फळ्यावर निसर्ग शिकवायचा त्यांना भारी तिटकारा. एप्रिल उजाडला की आमची वरात निघायची किझिल-बेतच्या उतारावर. साळिंदराचं बीळ, लांडग्याची विष्ठा, रानकांदा, सगळं आम्ही हात लावून शिकलो. (विष्ठेला पहिला हात कुणी लावला ते, अकिलबेक, तू आता पोलिसात आहेस म्हणून सांगत नाही.) आणि तिथला लाल रानट्यूलिप. प्रत्येकानं एक रोप खणून आणायचं, वाळवून कागदावर चिकटवायचं. कंदासकट. कंद तुटला की एक गुण गेला.

एजेंना भेट द्यावेत म्हणून गेल्या आठवड्यात मी ते सगळे कागद कपाटातून काढले आणि व्यायामशाळेत वर्षवार मांडले. पहिल्या वर्षाचे चौतीस. पुढे बावीस, मग अकरा. अलीकडे तीन-तीन. यंदाचा एक.

खरंच सांगते, मी तिथेच फरशीवर बसले.

कारण फुलं कमी होतात म्हणून बारा वर्षांपूर्वी आपण काय केलं, मंडळी? मेंढ्या खातात असं ठरवून मामासाली आकेंच्या कळपाला उतार बंद केला. अर्जावर पहिली सही एजेंची, दुसरी माझी. मामासाली आके भर सभेत म्हणाले होते, "मेंढी वरचं खाते, बाई. खाली खणायला तिला कुदळ कुणी दिली?" आपण सगळे हसलो. त्यांचा कळप नदीपलीकडच्या खडकात गेला. त्या हिवाळ्यात निम्मी मेंढरं मेली. तेव्हापासून उतारावर एक मेंढी नाही, तरी कागद कमीच होत गेले.

एजे आल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग म्हणाल्या, "कालीपा, कंद काढायला कुणी सांगितलं गं?"

"तुम्ही, एजे."

"आणि कुणालाच काही वाटलं नाही?"

यंदा उतारभर हिंडून मुलांना एकच फूल सापडलं. मुलं घुटमळली, तेव्हा सुरी मी घेतली. कंद अख्खा निघाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला तर अभिमान वाटला होता.

एजे, निसर्ग बघायला तुम्हीच शिकवलंत, आणि त्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. आपण दोघींनी बघितलं मात्र नाही.

सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं आपण दर समारंभात सभेला म्हणतो. आज मी ते एकाच माणसाला म्हणते. मामासाली आके, मागच्या बाकावर बसलात, दिसलात मला. एजे आणि मी तुमची क्षमा मागतो. अध्यक्षांनी आज सकाळीच बंदी उठवली आहे, उतार तुमच्या मेंढरांना मोकळा आहे. तिथं आता राखण्यासारखं काही उरलेलं नाही.